वैनगंगेच्या खोऱ्यांतील ओसरत्या बोली

भाषा मेली असें आपण सहज बोलून जातों. परंतु मनुष्य मरतो तशी भाषा मरत नाहीं. तिला दुखणें लागत नाहीं, तिची घटका भरत नाहीं, आणि तिच्या मागें कोणी सुतकही पाळीत नाहीं. ती ओसरते. चैत्र-वैशाखांत तळ्याचें पाणी रोज बोट-दोन बोटें खालीं जातें, आणि काठावर नित्य बसणाऱ्यास काल व आज यांतील अंतर दिसत नाहीं, मृगाच्या तोंडावर एखादा पाहुणा येऊन “पाणी कोठें गेलें?” असें विचारतो, तेव्हां कोठें तें आपल्या ध्यानांत येतें. तळ्यांच्या मुलुखांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हा दृष्टांत परका वाटूं नये. ह्या लेखांत जें सांगावयाचें आहे तें ह्याच मुलुखांतील दोन बोलींविषयीं: एक गोंडी व दुसरी पोवारी. दोहोंच्या ओसरण्याची तऱ्हा निरनिराळी आहे, आणि ती तशी कां, हाच आमच्या जिज्ञासेचा विषय होय.

आजचा गोंदिया जिल्हा वयानें लहान आहे. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदिया, तिरोडा, गोरेगांव, आमगांव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी व अर्जुनी-मोरगांव असे आठ तालुके मिळून हा नवा जिल्हा बनला. २०११ च्या जनगणनेंत येथील लोकसंख्या सव्वातेरा लक्षांच्या आसपास भरली. उत्तरेस बालाघाट, पूर्वेस छत्तीसगढ, दक्षिणेस गडचिरोली व पश्चिमेस भंडारा, अशा चौरस्त्यावर तो वसला असल्यामुळें मराठी, हिंदी व छत्तीसगढी ह्या तिहींचा सांधा येथें पडतो. गोंदिया ह्या नांवाच्या दोन व्युत्पत्ति सांगितल्या जातात. कोणी तें गोंड लोकांवरून आलें म्हणतात, तर कोणी रानांतून येणाऱ्या गोंदाच्या, म्हणजे डिंकाच्या, व्यापारावरून. ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु ज्या लोकांवरून गांवाचें नांव पडलें असें पुष्कळ जण मानतात, त्यांची भाषा त्या गांवाच्या बाजारांत आज क्वचितच कानीं पडते, ही गोष्ट क्षणभर थांबून विचार करण्याजोगी खास आहे.

गोंडी ही द्राविड कुळांतील भाषा. तेलुगू व कुई ह्या तिच्या बहिणी. मराठी व हिंदी ह्या केवळ शेजारणी. पाण्यास ‘एर’, गांवास ‘नार’, झाडास ‘मरा’, घरास ‘रोन’, डोक्यास ‘तल्ला’, देवास ‘पेन’, असे हिचे शब्द. तमिळ जाणणारास ‘मरा’ ऐकतांच आपला ‘मरम्’ आठवेल आणि ‘तल्ला’ ऐकतांच ‘तलै’. मराठींत तीन लिंगें आहेत, पण गोंडीचा संसार दोहोंवर चालतो: पुरुष तेवढे एका वर्गांत, आणि स्त्रिया, जनावरें व निर्जीव वस्तु ह्या सर्व दुसऱ्या वर्गांत. अशा दोन भिन्न घडणींच्या भाषा एकाच ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या बसल्या म्हणजे त्यांच्यांत शब्दांची उसनवारी होते. पण एकीचें दुसरींत हळूहळू रूपांतर होऊं शकत नाहीं. बोलणारा वाक्यागणिक एकीस धरतो किंवा दुसरीस. हें ध्यानांत ठेवावें. पुढें पोवारीच्या प्रकरणीं ह्याचा उपयोग आहे.

गोंडांचीं देवगड, चांदा, खेरला व गढा-मंडला हीं राज्यें इतिहासास ठाऊक आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यास देवगड व चांदा हीं नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेलीं. १८५४ त भोसल्यांचें राज्यही खालसा झालें, आणि १८६१ त मध्यप्रांत निर्माण होऊन भंडारा हा त्यांतील एक जिल्हा ठरला. ह्या सर्व उलथापालथींत एक गोष्ट मात्र बदलली नाहीं. राज्य गोंडांचें असतांनाही गोंडी ही दप्तराची भाषा नव्हती. भोसल्यांचें दप्तर मोडी मराठींत चाललें, इंग्रजांचें इंग्रजी, मराठी व हिंदींत. सिंहासन गेल्यामुळें भाषा गेली असें जें कधीं कधीं म्हटलें जातें तें म्हणूनच अपुरें आहे. गोंडी सिंहासनावर बसली नव्हती. ती चुलीपाशीं, ढोलीच्या तालावर व देवकार्यांत होती, आणि तेथून तिला उठवण्यास राजसत्तेपेक्षां निराळीं कारणें लागलीं.

पोवारांची हकीकत वेगळी. आपण माळव्यांतून आलों अशी त्यांची परंपरा आहे. देवगडचा राजा बख्त बुलंद ह्याच्या काळीं, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस व पुढें, ते प्रथम रामटेकजवळील नगरधनाकडे आले व तेथून वैनगंगेच्या दोहों तीरांस पसरले. भंडारा, बालाघाट व शिवनी ह्या भागांत त्यांनीं रानें तोडून भातशेती वाढविली. तळीं बांधण्याचें काम मुख्यत्वें कोहळ्यांचें. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील नवेगांव बांध हा कोलू पाटील कोहळी ह्यानें अठराव्या शतकांत बांधला असें सांगतात, व तो आजही पाहणारास थक्क करितो. माळव्याची बोली घेऊन आलेल्या पोवारांस येथें मराठी शेजार मिळाला, पूर्वेकडून छत्तीसगढी व उत्तरेकडून बुंदेली-बघेलीचा वारा लागला, आणि ह्या साऱ्यांच्या मिश्रणांतून आजची पोवारी तयार झाली. ‘माझें’ ह्यास ‘मोरो’ व ‘आहे’ ह्यास ‘से’ म्हणणारी ही बोली मराठी माणसास अर्धी समजते, अर्धी समजत नाहीं.

ह्याच वैनगंगेच्या मुलुखांत ‘गोलर’ नांवाचे गुराखी लोक कानडीची एक बोली बोलत असल्याची नोंद शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं झालेली आहे. कर्नाटकापासून एवढ्या दूर! ह्यावरून ह्या प्रदेशांत किती बोली येऊन विसावल्या ह्याची कल्पना यावी.

नोंद कोणी केली, हेंही सांगितलें पाहिजे, कारण ह्या बोलींचा जो कांहीं लेखी इतिहास आहे तो बहुतेक परक्यांनीं लिहिलेला आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ त नागपुरास आले. त्यांनीं प्रधान गायकांकडून लिंगोची कथा गोंडींत ऐकून उतरून घेतली. १८६३ त ते ओढ्याच्या पुरांत बुडून मरण पावले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८६६ त प्रसिद्ध केले. पुढें १८९० त विल्यमसन ह्यांचें गोंडी व्याकरण निघालें. ग्रियर्सन ह्यांच्या भाषापाहणीच्या चौथ्या खंडांत, १९०६ त, गोंडीचे व गोलरांच्या बोलीचे नमुने आले. पोवारी मात्र त्यांनीं सहाव्या खंडांत, पूर्व हिंदीच्या बघेलीच्या अंगास बसविली. १९१६ त रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांचे मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंड बाहेर पडले, आणि त्यावेळींच गोंडांपैकीं फार मोठ्या भागानें आपली बोली सोडून हिंदी किंवा मराठी धरली होती, असें त्यांतून दिसतें. म्हणजे ओहोटी आजची नव्हे. शंभर वर्षांपूर्वीं पाणी पायऱ्यांवरून उतरूं लागलेंच होतें.

तें कशानें उतरलें? आमच्या मतें पहिलें कारण आगगाडी. १८८० च्या पुढील दशकांत नागपूर-छत्तीसगढ लोहमार्ग ह्या भागांतून गेला; १८८७ त स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनें तो घेऊन रुंद केला व हावड्यापर्यंत नेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं सातपुड्यांतून जबलपूरकडे व नागभीडवरून चांद्याकडे जाणाऱ्या लहान गाड्या गोंदियास येऊन मिळाल्या, आणि साधें खेडें होतें तें मोठें जंक्शन झालें. मारवाडी, गुजराती, कच्छी, उत्तर हिंदुस्थानी असे व्यापारी आले. भाताच्या गिरण्या निघाल्या, तेंदूच्या पानांवर विड्यांचे कारखाने उभे राहिले. तेंदूपान, मोहफुलें, लाख व डिंक हीं रानांतून आणणारा गोंड; पण तीं मोजून घेणारा मुनीम गोंडी शिकला नाहीं. मापाच्या ठिकाणीं ज्याची भाषा चालते त्याचेंच माप चालतें. दुसऱ्यास ती भाषा शिकावी लागते, निदान आंकडे तरी.

आणि ह्या आंकड्यांतच गोंडीच्या ओसरण्याची सर्वांत स्पष्ट खूण सांपडते. गोंडींत एक म्हणजे ‘उंडी’, दोन ‘रंड’, तीन ‘मूंड’, चार ‘नालूंग’, पांच ‘सैयूंग’, सहा ‘सारूंग’, सात ‘येरूंग’. येथपर्यंत बहुतेक बोलणारे आपल्या भाषेंत मोजतात. आठापासून मात्र गोंडीचा मूळ शब्द थोड्यांच्याच जिभेवर राहिला. बाकीचे आठ, नऊ, दहा हे शब्द मराठी किंवा हिंदीचे घेऊन पुढें जातात. हें कोणी ठरवून केलें नाहीं. घरांत मुलें किती, बैल किती, चुलीस दगड किती, हें सातांच्या आंत भागतें. विड्यांचीं पुडकीं, तेंदूपानांचे पुडे, रुपये-आणे, सावकाराचें व्याज हें सातांच्या पलीकडचें. जेथें बाजार सुरू होतो तेथें गोंडी संपते, अशी ही सीमारेषा सात व आठ ह्यांच्या मधोमध कोणी दगड रोवावा तशी उभी आहे. भाषेचा मागोवा घेणारास ताम्रपटाइतकाच हा पुरावा मोलाचा वाटावा.

बाजारानंतर शाळा. भंडाऱ्याच्या भागांत शाळा मराठी, कोठें कोठें हिंदी. गोंदिया शिक्षण संस्था मनोहरभाई पटेल ह्यांनीं १९५८ त स्थापिली व शिक्षणाचा प्रसार दूरवर झाला. पुढें शासनाच्या आश्रमशाळा रानाच्या काठापर्यंत पोंचल्या. शिक्षणानें ह्या लोकांचें कल्याण झालें नाहीं असें म्हणण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाहीं. परंतु सहा वर्षांचें मूल घर सोडून वसतिगृहांत राहिलें, दिवसभर मराठींत शिकलें, रात्रीं मराठींत झोपलें, आणि दिवाळीस व उन्हाळ्यांत तेवढें घरीं आलें, म्हणजे त्याच्या गोंडीचें काय होतें हें सांगावयास पंडित नको. आजी गोंडींत हाक मारते. नातू मराठींत ‘ओ’ देतो. पहिल्या सुटींत तो शब्दांसाठीं अडखळतो, दुसऱ्या सुटींत लाजतो, आणि चवथ्या-पांचव्या सुटीपासून आजीच नातवाशीं मोडकी मराठी बोलूं लागते. आम्हांस वाटतें, गोंडीचा खरा पराभव झाला असेल तर तो ह्या क्षणीं, कारण येथें मुलानें भाषा सोडली नसून म्हातारीनें ती आंवरून घेतली आहे.

मनुष्याच्या डोक्यांतून भाषा कशी उतरते ह्याचा विचार युरोप-अमेरिकेंत पुष्कळ झाला आहे, आणि त्यांतील दोन-चार गोष्टी आमच्या विषयास उपयुक्त आहेत. फ्रेंच तत्त्वज्ञ रिबो ह्यानें १८८१ त स्मृतिभ्रंशावर ग्रंथ लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, जें अलीकडे शिकलें तें आधीं जातें, जें बाळपणींचें तें शेवटपर्यंत राहतें. वृद्धपणीं पुष्कळ लोक मधलीं सारीं वर्षें विसरून आईच्या बोलींत बोलूं लागतात, हें आपणही पाहतों. अमेरिकेंतील बाहरिक ह्या प्राध्यापकानें १९८४ त एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. शाळा-कॉलेजांत स्पॅनिश शिकलेलीं ७३३ माणसें घेऊन त्यानें त्यांस किती आठवतें तें तपासलें. कोणाचें शिक्षण नुकतेंच झालेलें, तर कोणाचें पन्नास वर्षांपूर्वीं. निष्कर्ष असा निघाला कीं, विसरण्याचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा वर्षांतच होतो. त्यानंतर जें उरतें तें पंचवीस वर्षेंपर्यंत, कधीं त्याहूनही अधिक काळ, जवळजवळ तसेंच टिकतें. म्हणजे चांगली रुजलेली भाषा गोठते, कुजत नाहीं.

पण हें रुजलेल्या भाषेविषयीं झालें. कोरियांतील कांहीं मुलें तीन ते आठ वर्षांच्या वयांत फ्रान्समध्यें दत्तक गेलीं. २००३ त प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, मोठेपणीं त्यांच्यापैकीं कांहींजणांस कोरियन वाक्यें ऐकवलीं असतां तीं इतर अनोळखी भाषांपासून त्यांस वेगळीं ओळखतां आलीं नाहींत. आठ वर्षांपर्यंत आईशीं बोललेली भाषा अशी धुऊन जावी हें ऐकून अंगावर कांटा येतो. तेव्हां वयाचा प्रश्न मोठा आहे. तीस वर्षांचा गोंड मनुष्य नागपुरास किंवा मुंबईस गेला तर त्याची गोंडी मुकी होईल, अडखळेल, पण जाणार नाहीं; सहा वर्षांच्या मुलाची जाऊं शकते. त्यांतल्या त्यांत बरें एवढेंच कीं, आमच्या मुलांचा घराशीं संबंध पुरा तुटत नाहीं; सणावारीं, लग्नांत, मरणांत ती बोली कानांवर येते. म्हणून येथें निराळ्याच प्रकारचीं माणसें तयार होतात. त्यांस सर्व समजतें, बोलतां येत नाहीं. स्कॉटलंडच्या पूर्व सदरलंडमधील कोळी वस्त्यांत गेलिक भाषा कशी मावळत आहे ह्याचा अभ्यास नॅन्सी डोरियन ह्या विदुषीनें १९८१ त ग्रंथरूपानें मांडला. तींत अशा माणसांस तिनें अर्धबोलके म्हणावें अशा अर्थाचें नांव दिलें आहे. त्यांचें व्याकरण मोडकें असतें, पण विनोद कोठें हंसावा व कोठें हंसूं नये हें त्यांस बरोबर कळतें. सालेकसा किंवा देवरीकडील एखाद्या लग्नमांडवांत गाण्यावर मनापासून हंसणारा, पण पुढचें कडवें विचारलें तर मान हलविणारा तरुण हा त्याच जातीचा.

आमच्या वाचकांपैकीं जे वयानें ज्येष्ठ आहेत त्यांस ह्या अवस्थेचा एक निराळा अनुभव असेल. ४ डिसेंबर १९६३ रोजीं वाटिकन सभेनें उपासनाविधीविषयींचें संविधान मंजूर केलें, आणि त्यानंतर मिस्साविधि लोकभाषेंत होऊं लागला. त्यापूर्वीं लॅटिन प्रार्थना तोंडपाठ असलेल्या आमच्या आजोबा-आजींस त्या भाषेंत साधें एक वाक्य बनवितां आलें नसतें. तरी कोठें गुडघे टेकावयाचे व कोठें ‘आमेन’ म्हणावयाचें तें त्यांचें कधीं चुकलें नाहीं. पेनाच्या पूजेंत भुमका जे शब्द म्हणतो ते ऐकणाऱ्या तरुण गोंडाची स्थिति आज ह्याच वळणावर आहे. फरक एवढा कीं, लॅटिन कोणाच्याही चुलीपाशीं बोलली जात नव्हती; गोंडी जात होती.

ख्रिस्ती समाजाचाच विषय निघाला म्हणून कोकणांतील एक दाखला देतों, कारण त्यावरून संख्येचा व टिकण्याचा संबंध किती थोडा आहे हें दिसतें. वसई पोर्तुगीजांच्या हातून १७३९ त गेली व १७४० त चौल-रेवदंड्यावरूनही त्यांचा अंमल उठला. वसई, ठाणें, मुंबई ह्या भागांत पोर्तुगीजमिश्रित जी बोली चालत असे तिचें वर्णन दालगादो ह्यांनीं १९०६ त केलें. पुढें ती तेथून नाहींशी झाली. परंतु रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई ह्या एकाच गांवांत, किल्ल्याच्या पायथ्याशीं, सुमारे हजार ख्रिस्ती लोकांनीं ती आजतागायत टिकवली आहे. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. राज्य जाऊन पावणेतीनशें वर्षांहून अधिक झालीं, पुस्तक नाहीं, शाळा नाहीं, संख्या हजाराची. तरी बोली राहिली, कारण गांव एकवटलेलें, सोयरीक आपल्यांत, आणि मुलांशीं आईबाप तींतच बोलत. अलीकडे तेथेंही मराठीचा जोर वाढत आहे. उलट गोंडी पहा. २००१ च्या जनगणनेंत ती बोलणारे सुमारे २७ लक्ष, २०११ त सुमारे ३० लक्ष. बोलणारे वाढले असें वरकरणीं दिसतें; परंतु गोंड म्हणून नोंदलेले लोक एक कोटीच्या वर आहेत. चौघां गोंडांत एकाच्याही वाट्यास पुरी गोंडी येत नाहीं. आणि तो एक बहुधा बस्तर, गडचिरोली किंवा आदिलाबादच्या रानांतला; गोंदियाच्या रेल्वेपट्टींतला नव्हे.

आतां पोवारी. हिची गोष्ट करुण कमी व चकवणारी अधिक आहे. पोवार हे जमीनदार, शेतकरी, शिकलेले. त्यांस कोणी रानटी म्हणून हिणवलें नाहीं, व बाजारांत त्यांचें माप दुसऱ्यानें केलें नाहीं. तरी २००१ च्या जनगणनेंत पोवारी ही मातृभाषा सांगणारे सुमारे सव्वाचार लक्ष होते ते २०११ त सव्वातीन लक्षांच्या आसपास उतरले. दहा वर्षांत लाखभर माणसांनीं बोली बदलली काय? तसें नव्हे. जनगणनेचा कारकून दारीं येतो तेव्हां महाराष्ट्रांतील पोवार ‘मराठी’ म्हणतो, बालाघाटकडील ‘हिंदी’ म्हणतो. आणि पोवारी असें सांगितलें तरी सरकारी तक्त्यांत ती हिंदीच्याच पोटांत जाते. परंतु आंकड्यांचा हा घोळ बाजूस ठेवला तरी घरांतील बदल खरा आहे. आम्ही वर म्हटलें कीं गोंडी व मराठी ह्यांच्यामध्यें भिंत आहे. पोवारी व मराठी-हिंदी ह्यांच्यामध्यें भिंत नाहीं, उतार आहे. आज ‘मोरो’च्या जागीं ‘माझा’ आला, उद्यां ‘से’च्या जागीं ‘आहे’. वाक्य कोठेंही तुटत नाहीं, ऐकणारास खटकत नाहीं, आणि बोलणारा आपण पोवारीच बोलत आहों अशा समजुतींत राहतो. गोंडी सोडलेल्या मनुष्यास आपण कांहीं सोडलें हें निदान ठाऊक असतें. पोवारी सोडणारास तें दहा-वीस वर्षांनीं, एखाद्या म्हाताऱ्या आत्याचें बोलणें ऐकून, एकाएकीं कळतें.

ह्यांत १९५६ च्या सीमेनेंही आपला वाटा उचलला. त्या वर्षीं १ नोव्हेंबरास राज्यांची पुनर्रचना होऊन भंडारा इतर विदर्भाबरोबर मुंबई राज्यांत आला, व १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. बालाघाट मध्यप्रदेशांत राहिला. नातींगोतीं नदीच्या दोन्ही बाजूंस, सोयरीक पूर्ववत्. पण अलीकडील मूल मराठी धडे घोकूं लागलें, पलीकडील हिंदी. एकाच आजोबाचे दोन नातू लग्नांत भेटले तर त्यांच्या पोवारींत आतां निरनिराळ्या दिशांचें पाणी मिसळलेलें असतें. अशी सांधेमोड झाल्यावर दोघांसही हिंदींत बोलणें सोपें जातें, आणि तेंच होतें.

हा सर्व वृत्तांत एकतर्फी ओहोटीचा आहे असा वाचकांचा ग्रह होऊं नये. बालाघाट जिल्ह्यांतील मुन्शी मंगलसिंग मसराम ह्यांनीं १९१८ त गोंडीसाठीं एक स्वतंत्र लिपि तयार केली. जवळजवळ शंभर वर्षें उलटतांना, २०१७ त, तिला संगणकाच्या जागतिक वर्णसंचांत स्थान मिळालें, व पुढल्याच वर्षीं आदिलाबादकडील गुंजाळा गांवीं जुन्या हस्तलिखितांत सांपडलेल्या दुसऱ्या गोंडी लिपीसही तें मिळालें. संविधानाच्या आठव्या परिशिष्टांत कोंकणी १९९२ त व संताळी-बोडो २००३ त गेल्या. गोंडी अद्याप बाहेर आहे. नागपुरास रिझर्व्ह बँकेंत नोकरी करणारे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) ह्यांनीं पदरचा वेळ खर्चून गोंडीचें व्याकरण व कोश लिहिले, आणि सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहेकडे समाजाचें लक्ष वेधण्यांत पुढाकार घेतला. हिस्लॉप ह्यांनीं उतरून घेतलेल्या कथेंत देव कोंडले गेले तो ‘काचीकोपा लोहगड’ हाच, अशी आतां गोंडांची श्रद्धा आहे. पारी कुपार लिंगो व जंगो रायतार ह्यांनीं देवांस सोडवलें त्या जागीं माघी पौर्णिमेस दरेकशाच्या डोंगरांत अनेक राज्यांतून लाखों लोक जमतात व एकमेकांस ‘जय सेवा’ म्हणतात.

परंतु एवढ्या दुरून आलेल्यांची गोंडीही एक राहिलेली नाहीं. बैतुलची निराळी, बस्तरची निराळी, आदिलाबादची निराळी. टोकांवरच्यांस परस्परांचें बोलणें नीट उमगत नाहीं. म्हणून निरनिराळ्या राज्यांतील बोलणाऱ्यांनीं कांहीं वर्षें वारंवार एकत्र बसून कोणत्या अर्थास कोणता शब्द प्रमाण धरावा हें ठरविलें, व २०१८ त सुमारे तीन हजार शब्दांचा सामाईक कोश सिद्ध झाला. कोश झाला तरी तो बोलणार कोण, हा प्रश्न राहतोच. त्याचें एक उत्तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत मिळालें. धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ त स्वतःची शाळा काढली. नांव ठेवलें गोटूल, माध्यम गोंडी. तेथें पहिलीचीं मुलें आपलें नांव, आपलें गांव व रानांतील झाडें प्रथम गोंडींत लिहितात, आणि मराठी त्यानंतर शिकतात.